घुमट उजव्या हाताला

३ ऑगस्ट
फार उशिरा लिहितोय, माफी असावी. कुणाची मागतोय — कागदाची! पण आठवडाभर वहीला हातच लावला नाही.

नातीची, संघप्रियाची, कॉलेजातली शेवटची परीक्षा आलीय. तिनं कॉम्प्युटरचा घुमटासारखा गोल पडदा केलाय. पालथी घातलेली गुळाची मोठी काहीलच जणू! त्यावर शिरोळकडची गावं दिसतात. म्हाताऱ्यांची बोटं काचेवर ठरत नाहीत, म्हणून रबराची मूठ केलीय. ती सरकवत गावावर नेली की पुराचं पाणी कुठवर येईल ते दिसतं. पण मूठ उतारावरून घसरते. पोरगी रडकुंडीला आलीय. मी काय सांगणार? सातवी नापास.

५ ऑगस्ट
मूठ चिकटली! खाली जळवेच्या तोंडासारखं रबर लावलंय. उद्या मास्तरांपुढं म्हाताऱ्या माणसानं ती चालवून दाखवायची. "आबा, तुम्हीच या." उठून बाहेर जाताना दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली — पुन्हा.

६ ऑगस्ट
बिघडवलंच मी!

मूठ धरून घुमटाभोवती चालायचं होतं. घुमट उजव्या हाताला ठेवून निघालो, स्तूपाभोवती फिरतो तसा. मागचं गाव लाल झालं, म्हणजे पुराचा इशारा; मूठ तिथं न्यायची. एक पाऊल मागं यायचं, तर मी अख्खा फेरा मारून आलो! परत तेच. तिची मैत्रीण स्वप्नाली म्हणाली, "आजोबा, परीक्षा हाय, वंदना न्हाय!"

"उलटं फिरत न्हाईत गं आम्ही. सवय हाय."

सगळे हसले. संघप्रिया नाही. मास्तर म्हणाले, मूठ नीट करून दहा तारखेला आणा.

७ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. माझ्यापायी पोरीचं वर्ष जाणार.

८ ऑगस्ट
"आबा, एकदा उलटं फिरा. माझ्यासाठी." मनातल्या मनात क्षमा मागितली आणि घुमट डाव्या हाताला घेतला. दोन पावलांत खांदा काचेवर आदळला. गावं कुठं गेली? मूठ कुठाय?

"पडदा विझवलास व्हय गं?"

"न्हाय, आबा. चालू हाय." तिनं माझं तोंड धरून डावीकडं वळवलं — गावं तिथंच होती!

१० ऑगस्ट
मुठीत काहीच दोष नव्हता. डावीकडचं मलाच दिसत नाही. माझ्या डोक्याचा काल काढलेला फोटो घेऊन पोरगी मोठ्या डॉक्टरकडं बसलीय — आज परीक्षा असून! संघे, मूठ घेऊन पळ की गं कॉलेजला. न्हाईतर निदान काय ते लवकर कळव.