सीतेच्या फणीचा दगड

१२ जानेवारी, सोमवार
आली एकदाची! नांदेडच्या विद्यापीठातली पोरगी — लुंबिनी. उदगीरहून सकाळच्या एसटीनं. पाठीवर पिशवी, हातात आवाज भरून घ्यायचं यंत्र. आमच्या देवझरीतल्या देवस्थानांची माहिती लिहून घेणार. आमचं किराणा दुकान देवळाला लागून आणि वरची खोली रिकामी, म्हणून पंचायतीनं तिला आमच्याकडंच धाडलं.

जेवताना अव्वांनी — माझ्या सासूबाई, शरणम्मा, पंच्याऐंशीच्या — तिला थेट विचारलं, "बौद्धाची ना गं तू? मग आमच्या देवाच्या गोष्टी कशाला गोळा करून राहिलीस?" माझ्या हातात भाकर तशीच! पोरगी हसली. "गोष्टी सगळ्यांच्याच असतात, आजी." अव्वा म्हणाल्या, "महानंदा, वाढ हिला अजून एक."

१३ जानेवारी
तिला गाव दाखवलं. महादेवाचं देऊळ, भीमानं टाच मारून काढलेला झरा, वनवासात सीतामाई न्हायली ते कुंड. शेवटी कुंडाकाठचा सपाट दगड, लिंबाच्या सावलीतला. सीतेनं इथं बसून केस विंचरले. केस सोडून घटकाभर बसलं की डोकेदुखी जाते. पार औशाहून बायका येतात, फण्या वाहतात. नियम एकच — दगडावर बसलेल्या बाईला कुणी हाक मारायची न्हाई.

"ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, काकू?"

"जुनी हाय," म्हटलं, आणि दुकानाचं निमित्त काढून पळाले.

इथं तरी खरं लिहिते. ती गोष्ट माझी हाय! लग्नाला दोन महिने झालेले. धुणं घेऊन कुंडावर गेले, दगडावर जरा टेकले आणि डोळाच लागला. केस सुटलेले. जाग आली तर समोर अव्वा! तोंडातून निघून गेलं — डोकं दुखत होतं, इथं सीतामाईनं केस विंचरले म्हणतात, बसले आन् उतरलं. कुठून सुचलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी अव्वा स्वतः जाऊन बसल्या. मग शेजारीण. मग सारं गाव. चाळीस वर्षं झाली.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदाही वाण म्हणून फण्याच लुटल्या. लुंबिनीलाही एक. तिनं किती जपून पिशवीत ठेवली! तीळगूळ काही गोड लागला न्हाई.

१७ जानेवारी
सिद्धेश्वर सरपंच दुकानात आले. यात्रेला गाड्या लई होतात, कुंडाकाठी पार्किंग करायचं म्हणतात. "जे खरंच जुनं हाय ते ठेवू, बाकीचे दगडधोंडे काढू. ह्या ताईंचा अहवाल येऊ द्या."

"फणीच्या दगडाला कोण हात लावतंय!" आमचे हे गल्ल्यावरूनच ओरडले.

खरं सांगावं तर दगड जातो. न सांगावं तर ती पोरगी माझं खोटं छापते. आणि ती इतकी नेकीनं लिहून घेते की बघवत न्हाई.

१९ जानेवारी
सांगितलं! आधी यंत्र बंद करायला लावलं. वाटलं, चिडेल. ती हसत सुटली — डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम गंभीर.

"काकू, जुनं आहे असं मी लिहू शकत नाही."

"न्हाईच लिहायचं."

"पण चाळीस वर्षं बायका इथं येतात हे खरं आहे. तेवढं लिहीन. बाकीचं तुम्ही ग्रामसभेत बोला."

मी! ग्रामसभेत! आजवर तिथं मी फक्त सही करून आलेली.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानातच सभा भरली. उठले. सगळं सांगून टाकलं. "दगड सीतेचा न्हाई, पण बायकांचा हाय. तो राहू द्या," म्हटलं आणि मटकन खाली बसले.

मलप्पा पुजारी उठले. "शिव शिव! चाळीस वर्षं देवाच्या नावानं खोटं?"

तेवढ्यात काठी टेकत अव्वा उभ्या!

"मला त्याच दिवशी कळलं होतं. घोरून राहिली होती ही!"

सारं मैदान हसलं. अव्वा न्हाई हसल्या. "पण मलाबी बसायचं होतं. ह्या गावात बाईला दिवसाढवळ्या टेकायला दुसरी जागा दाखव, मलप्पा. दाखव, अन् मग काढ दगड."

मलप्पा खाली बसले. सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. बायकांच्या बांगड्याच वाजल्या नुसत्या! पुरुषांतही निम्म्याच्या वर — आमचे हे तर दोन्ही हात वर करून. पार्किंग शाळेमागच्या पडीक जागेत जाणार.

घरी येताना मी विचारलं, "अव्वा, चाळीस वर्षांत बोलला न्हाईत?"

"बोलले असते तर उठावं लागलं असतं," म्हणाल्या.

२७ जानेवारी
लुंबिनी गेली. अव्वांनी धपाटे बांधून दिले. घर रिकामं वाटतंय.

९ फेब्रुवारी
लुंबिनीचा फोन. आता कर्नाटकात, भालकीच्या पलीकडं एका खेड्यात गोष्टी गोळा करून राहिलीय. तिथल्या एका नव्वदीच्या बाईनं तिला कन्नडात हीच गोष्ट सांगितली. सीता, झरा, दगड, मोकळे केस, उतरलेलं डोकं. सगळं तेच! त्या बाईला तिच्या आजीनं सांगितलेली.

मी गावाचं नाव विचारलं.

माझ्या आईचं माहेर.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. तिचं मला काहीच आठवत न्हाई, असं जन्मभर सांगत आले.