वहिनीचे लाल हातमोजे

ती. आईस,
तुझ्या संजनाचा जर्मनीहून नमस्कार.

मी मजेत आहे. ड्युटीला सायकलनेच जाते. दोन मोज्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची पिशवी घातली की पाय गारठत नाहीत. हाताच्या बोटांचं मात्र काही खरं नाही, ब्रेक दाबलेलासुद्धा कळत नाही. पण तू काळजी करू नकोस.

वहिनीचा फोटो बघितला. सायकलवर, तू विणलेले लाल हातमोजे घालून! आपल्या नवघरला एवढी थंडी कधीपासून पडायला लागली गं? तिच्या टाचांना कोकमाचं तेलही तूच चोळतेस, असं दादा सांगत होता. तुझे गुडघे कसे आहेत?

मलाही एक जोड विणशील? माप तिच्या हातावर घेऊ नकोस. माझ्या बांगड्या कपाटात आहेत, त्यांवरून घे.

तुझीच, वहिनीच्याही आधीची,
संजना