गर्भपिशवी माझी, पंचायत बाजाराची

विल्फ्रिदो,

तेरेरेचा, आपल्या गार चहाचा, थर्मास भरलाय, पण आज त्यात नुसतं थंड पाणी आहे, औषधी पाला नाही. माझ्या अंगावरून फार जातं हे तू पालेवाल्या पाब्लाबाईला सांगितलंस, आणि तिने पाला कुटता कुटता अख्ख्या बाजाराला. आता कांदेवालीसुद्धा मला अडवून म्हणते, "पिशवी काढू नकोस गं!" तुझी आई म्हणते, काढूनच टाक. माझ्या चादरी धुवायला मात्र यातलं कुणी येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी हार्मोनचं छोटं साधन आत बसवू. सहा महिन्यांत नाहीच थांबलं तर पिशवी काढू. ते मी आज बसवून घेतेय.

चारला दवाखान्यातून न्यायला ये. वाटेत बाजारात थांबू नकोस. काही विचारायचंच असेल, तर एकदा मला विचार.

नीमिया