न वाजणारा चुडा

कार्तिक वद्य २, शके १८५३
…त्या सकाळी शेण काढलं, सडा टाकला, भांडी घासायला बसले तर हातातली बांगडी पिचकली. दुपारी विहीर खणताना हे गेले. नऊ वर्षं झाली, तरी नवी चूल पेटवताना तीच सकाळ आठवते. पण आज अमडापूरला आले आणि बरं वाटलं. वामनरावांच्या घरी स्वयंपाक माझ्याकडे. त्यांची बायको रुखमा सात महिन्यांची पोटुशी, हसरी. मी आपली आपण वाचायला शिकले हे ऐकून म्हणाली, "मलेही शिकवा ना, गीताबाई."

कार्तिक वद्य ७
रुखमाच्या बेंबीभोवती खाज होती. आज तिथे बोराएवढे फोड आलेत, पाण्याने टरारलेले. लुगडं सोडवताना कातडीच निघाली. मला ओकारी आली. तिने पाहिलं.
चिखलीच्या डॉक्टरला बोलवा म्हटलं. सासू झुंबरबाई म्हणाल्या, परपुरुषाला पोट दाखवायचं नाही.

कार्तिक वद्य १०
डोहाळजेवण. फोड हातांवरही उतरलेत. बांगड्या भरणाऱ्या अमीरबीने हात मागे घेतला.
"काऊन थांबली? चढव," झुंबरबाई म्हणाल्या. "माह्या लेकाचं आयुष्य हाय ते."
काच कातडी गोळा करत वर गेली, साय सरकवावी तशी. माझ्यासाठी लाडू मागच्या दारी ठेवला होता. खाववला नाही.

अमावास्या
हात सुजले. बांगड्या मांसात रुतल्या, वाजत नाहीत. रुखमा मागे येऊन उभी राहिली की आवाजाने कळत नाही. वासाने कळतं.

मार्गशीर्ष शुद्ध ३
काचेखाली काहीतरी वळवळलं. पांढरं.
बांगड्या उतरवा, मी म्हणाले. झुंबरबाई हसल्या. "तुह्या हातात एकही नाही, म्हणून हिच्यावर डोळा." वामनराव मान खाली घालून कापसाची गाडी घेऊन खामगावला गेले. आल्यावर पाहू, म्हणाले.

शुद्ध ४
ताप. पोटातलं हलत नाही म्हणते. बांगड्या तुम्हीच फोडा म्हणते. मी — विधवेने सवाष्णीच्या — वामनराव वाटेत आहेत. माझी तर एकच पिचकली होती —

शुद्ध ५
झुंबरबाई देवळात गेल्या. वरवंटा धुतला. रुखमाचा हात पाटावर ठेवला. एकूण एक बांगडी फोडली. अळ्या वेचल्या. ओकले. पुन्हा वेचल्या.
आता ती म्हणते, पोटात हललं.
दारात वामनरावांची गाडी आली आहे. आज यायची नव्हती. बैल आपणच आले म्हणतात, गाडीत वामनराव पडलेत, हलत नाहीत —