तीन महिन्यांपुरते पैसे

३ फेब्रुवारी
रिटायरमेंटचे पैसे आज खात्यात जमा झाले. एवढा मोठा आकडा आपल्या नावापुढे आयुष्यात पहिल्यांदाच. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एप्रिलअखेर हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. सगळे त्यातच जाणार. म्हणजे प्रश्न एवढाच की तीन महिने ठेवायचे कुठे. ही म्हणाली, आहेत तिथेच राहू द्या ना, काय बिघडलं? हसलो. रिकामा बसलेला पैसा म्हणजे घरी मुक्कामाला आलेला जावई. काम काही नाही आणि मान मात्र द्यावा लागतो. शुक्रवारपर्यंत शास्त्रशुद्ध निर्णय घेणार.

७ फेब्रुवारी
बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, काका, तीन महिन्यांची एफडी करा, नाहीतर सेव्हिंगमध्येच ठेवा. लगेच लागणाऱ्या पैशाशी खेळू नये. व्याज विचारलं. ऐकून कीव आली. बाईंची. फॅक्टरीत स्टोअरकीपर म्हणून जन्म काढला, एक नटबोल्ट हरवू दिला नाही. आणि ही मला जपणूक शिकवणार! फॉर्म घेतला. घरी आणून त्याने माशी मारली.

११ फेब्रुवारी
पॅकिंगमधला जुना सोबती भेटला. सगळे त्याला बुलेटिन म्हणतात. बातमी आधी त्याच्याकडे येते. पुढे खरी ठरते की नाही, ते कोणी बघत नाही. म्हणाला, पाइप बनवणारी एक कंपनी आहे, तिचा शेअर एप्रिलपर्यंत दीडपट. फक्त निम्मेच टाकले. धोका नको म्हणून. हिने विचारलं, ठेवलेत का नीट? म्हटलं, अगदी सुरक्षित. खोटं नव्हे. मला सुरक्षित वाटतंय.

२६ फेब्रुवारी
चढतोय! रोज चढतोय! ऑपरेशनचा खर्च आता बाजारच देणार. वर हिला स्वतंत्र खोली, एसीवाली. उरलेले निम्मेही टाकले. बँकेतल्या बाईंना मुद्दाम जाऊन सांगावंसं वाटलं. मोठ्या मनाने टाळलं.

१२ मार्च
घसरला. तात्पुरतं आहे. बुलेटिन म्हणतो, हीच खरेदीची संधी. खरेदीला आता काही उरलेलं नाही, हे त्याला बोललो नाही. संकल्प: भाव दिवसातून एकदाच बघायचा.
दुपारी: संकल्प उद्यापासून.

२७ मार्च
बुलेटिन फोन उचलत नाही. कामात असेल. रिटायर्ड माणसाला कसलं काम, असा विचार मनात आला. झटकला.
भाव जवळजवळ निम्म्यावर. पण विकलं तरच तोटा. नाही विकलं तर तो नुसता कागदावर. म्हणजे मी अजून काहीच गमावलेलं नाही.
ही बाथरूमच्या दारात चौकट धरून उभी होती, पाऊल उचलेना. हात दिला. म्हणाली, आता थोडेच दिवस. रात्रीचं जेवण टाळलं. ॲसिडिटी.

९ एप्रिल
हॉस्पिटलला फोन करून तारीख दोन महिने पुढे ढकलली. गरमीत जखम लवकर भरत नाही, असं कुठेसं वाचलंय. हिच्याच भल्यासाठी. योग्य वेळ बघून सांगेन.

११ एप्रिल
योग्य वेळ हॉस्पिटलनेच निवडली. रिसेप्शनवरच्या मुलीने नवी तारीख कळवायला हिच्याच नंबरवर फोन केला.
मी घरात आलो तेव्हा ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, उत्तरं तयार होती. फक्त विचारलं, किती उरलेत? सांगितलं. त्यात एका पायाचं होईल का? म्हटलं, होईल, पण जरासं थांबलो तर... तर म्हणाली, अहो, मी थांबलेच होते की. तुम्ही रिटायर होईपर्यंत थांबले. आता विका. माझ्यासमोर विका.
विकले. पैसे हाती आले की ते हिने स्वतःच्या खात्यात टाकायला सांगितले. मग हॉस्पिटलला स्वतः फोन लावून जुनीच तारीख मागून घेतली. फक्त उजवा.

३० एप्रिल
उजवा झाला. डॉक्टर खूश आहेत. शेअर आज थोडा वर गेलाय. हिला सांगणार होतो. नाही सांगितलं.
संध्याकाळी मुलीचा फोन. हिने स्पीकर लावला. मुलगी म्हणाली, आई, दोन्ही एकदम करणार होतात ना? मध्येच हे काय? मी उशी सारखी करायला लागलो. ही म्हणाली, अगं, मलाच धीर होईना. म्हटलं, एकेक करू. मुलीने विचारलं, आणि बाबा काय म्हणाले? ही म्हणाली, ते तर दोन्ही कर म्हणून मागे लागले होते.
मग मुलगी माझ्यावर घसरली. बाबा, तुम्ही तरी आईला समजवायचं होतंत.
मी म्हणालो, अगं, तुझी आई ऐकते का कोणाचं?
हिने माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.