बदली न झालेला पहारा

८ जुलै
नाशिकला आलो. सतरा वर्षांच्या फौजेनंतर एफवायबीएला प्रवेश! सायखेड्याहून निघताना बायकोने, उज्ज्वलाने, नवं दप्तर दिलं. म्हणाली, आता वर्गात तरी आरामात बसा, सावधानमध्ये नको. गंगापूर रोडला वरच्या मजल्यावर खोली मिळाली. कुंदनचे बूट दाराबाहेर ठेवले. कुंदन माझा जोडीदार, सीमेवर पहाऱ्यावर असताना बर्फाखाली गेला. आमच्या पलटणीत असा जवान अजून पहाऱ्यावरच आहे असं धरतात, त्याचे बूट रोज चमकवतात. निवृत्तीला मी ते मागून आणले.

१५ ऑगस्ट
कॉलेजात मला हार घातला. प्राचार्य शौर्यावर बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

१८ ऑगस्ट
वर्गातल्या अश्विनने माझ्या बाकाखाली सुतळी बॉम्ब फोडला. मी फरशीवर पालथा, पँट ओली. टाळ्या वाजवणाऱ्या हातांनीच व्हिडिओ काढले. प्राचार्य म्हणाले, पोरंच ती काका, मनावर घेऊ नका. या देशाला हुतात्मा हवा असतो; परत आलेला माणूस अडचण असतो.
रागाच्या भरात बुटांसमोर उभा राहिलो, हुकूम दिला: पहारा कडक. येणाऱ्याला हटकायचं. ‘दोस्त’ असं उत्तर देणार नाही तो शत्रू.

२० ऑगस्ट
बुटांच्या तळाला बर्फ. नाशकात!

२१ ऑगस्ट
दूधवाला अमोल जिन्यात पडलेला सापडला. बोटं हिमदंशाने काळी. म्हणाला, कोणीतरी हिंदीत दरडावलं, थम, कौन आता है. त्याला थट्टा वाटली. उत्तर दिलं, तुझा बाप.

२२ ऑगस्ट
सॅल्यूट ठोकून कुंदनला सांगितलं, पहारा संपला. बुटांची टोकं माझ्याकडे वळली. बरोबरच आहे. चढवलेला पहारा पलटणच उतरवते. मी आता सिव्हिलियन.

२३ ऑगस्ट
कॉलेजच्या समुपदेशक मॅडमचा फोन. भल्या बाई. अश्विनला समजावलंय, तो माफी मागायला निघालाय म्हणे. त्याला फोन लावतोय— लागत नाही—

दार गोठलंय. घशातून आवाज निघत नाही—

जिन्यात पावलं. काका, काका करतोय. रडतोय बहुतेक—

बाहेर— थम—

पान फाडून दाराखालून सरकवतो. अश्विन, वाच. पुढे येऊ नकोस. माफी नंतर माग. आधी फक्त म्हण— दो