डावीकडची ओढ

१८ फेब्रुवारी १९७४, सोमवार

घटनाक्रम असा. सकाळी सात वाजता सोनेगावच्या धावपट्टीवरून कु. कौशल्या गजभिये हिला घेऊन उड्डाण केले. चढण निर्दोष. वळणे निर्दोष. उतरतानाची उंची आणि वेग यथायोग्य. चाके टेकली आणि विमान डावीकडे ओढले गेले. तीनदा उतरलो, तिन्ही वेळा! सबब शेरा दिला — एकटीने उड्डाणास अपात्र. हा सलग चौथा आठवडा.

फ्लाइंग क्लबचे सचिव भैयाजी व्हरांड्यात चहा ढवळत म्हणाले, "सर, शनिवारपर्यंत पोरगी एकटी नाही उडाली तं सरकारी सवलत गेली समजा. मंग गिरणीतला बाप तिले काय उडवते?"

सवलत! धावपट्टीला सवलत कळत नाही.

१९ फेब्रुवारी

पुन्हा डावीकडे.

२० फेब्रुवारी

आज मर्यादा ओलांडली गेली. इंजिन बंद होताच कौशल्या म्हणाली, "सर, चाकं टेकले का तुमचा पाय तुमच्या पेडलवर येते. दोघांचे पेडल जोडलेलेच आहेत नं — मले समजते."

हे मला सांगते! माझ्या हाताखालून शिकून गेलेले आज प्रवासी विमाने चालवतात. "आक्षेप असेल तर लेखी द्या," मी म्हणालो.

"लेखी कायले सर? पाय उचलून पाहा नं."

उद्धटपणा. आणि हे म्हणताना नजर खाली नाही!

२१ फेब्रुवारी

दुसरा विद्यार्थी गोविंदा एकटा उडतो तेव्हा रेघेसारखा सरळ उतरतो. आज मी शेजारी होतो — तोही डावीकडे गेला. खडसावले, तर हसला. "सर, तुमचा धाकच तेवढा आहे!"

मी हसलो नाही. दुपारी जेवण गेले नाही.

२२ फेब्रुवारी

कौशल्येसोबत उड्डाण. पाय मागे ओढून, एकावर एक घालून बसलो. जमीन जवळ आली तसा डावा पाय आपोआप उसळला — दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. दुसऱ्याची चूक घडण्याआधीच ती सुधारायला निघालेला पाय!

विमान सरळ धावले. अगदी सरळ.

तिने विमान थांबवले; माझ्या पायांकडे पाहिलेही नाही. तिच्या वयात मला हे जमले नसते.

पट्टा सोडला, उतरलो, दार लावले. "एकटी जा."

"आत्ता, सर?"

"महिन्यापूर्वीच जायला हवे होते."

गेली. फेरी घेऊन आली. सरळ उतरली. कुंपणापाशी तिचे वडील उभे होते. टाळ्या वाजवण्यासाठी त्यांनी हातातली सायकल सोडली, ती धाडकन पडली, त्यांना पत्ताच नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

भैयाजींना अर्ज दिला. कौशल्या गजभिये हिच्या सर्व अपात्र शेऱ्यांचे कारण: प्रशिक्षकाचा डावा पाय. ते शेरे रद्द करावेत. दुसऱ्या प्रशिक्षकाने माझी परीक्षा घेईपर्यंत मी विद्यार्थ्यांसोबत उडणार नाही.

"अहो सर, कायले कागद? पोरगी उडाली नं. तोंडी मिटवून टाकू."

नाही. उत्तर लेखी हवे.